हाताने शिवायची आरी: चार महिने वापरून सांगतो, ५ पैकी ४

ऑगस्टमध्ये ऐन फवारणीत पंपाचा पट्टा तुटला. सोळा लिटरचा बॅटरीवाला पंप, भरल्यावर वीस किलोच्या वर जाते, अन् पट्टा तुटला तो नेमका टाकीच्या हुकापाशी. तालुक्याला गेलो तं दुकानदार म्हणे सुटा पट्टा येत नाही, अख्खा सेट घ्या. परत आलो, रात्री फोनवर ही आरी दिसली, ३४० रुपये, मागवली. यायला सहा दिवस लागले, तोवर पट्ट्याला तार बांधून भागवलं, तारेनं खांद्याची साल निघाली ते वेगळं.

लाकडी मूठ आहे, हातात मस्त बसते. आत दोन जाड सुया, एक सरळ एक वाकडी, अन् मुठीलाच दोऱ्याची लहान रीळ. बसस्टँडवर चपला शिवणाऱ्या काकांच्या आरीला टोकापाशी आकडा असते, हिला तिथं भोक आहे, एवढा फरक. घरात दाभण होतंच, पण दाभण पोत्यासाठी ठीक, पट्ट्याच्या तीन पदरांतून ते जात नाही, अन् जबरदस्तीनं घातलं तं दोरा ओढता ओढता बोट कापते.

सोबतच्या कागदावरची चित्रं काही कामाची नाही. पहिल्या दिवशी म्या बावीस टाके घातले, दिसायला एकदम सरळ, अन् एक टोक ओढलं तं सर्रर्र करून सगळे निघाले. बाबा बाजेवर बसून पाहून राहिले होते, म्हणे, "काहून रे, युरियाची चुंगडी उघडून राहिला का?" हसलो, पण चूक तिथंच समजली. युरियाच्या ४५ किलोच्या चुंगडीचं तोंड साखळी टाक्यानं शिवलेलं असते, बरोबर धागा सापडला की एका ओढीत मोकळं. या आरीचा टाका शिलाई मशीनसारखा, दोन दोरे एकमेकांत अडकवायचा. सुई आरपार घालायची, मग जराशीच मागं घ्यायची, दोन-तीन मिलिमीटर, की सुईच्या बाजूला दोऱ्याचा फासा तयार होते, त्या फाश्यातून मोकळं टोक न्यायचं अन् मग दोन्ही दोरे सारखे ताणायचे. म्या टोक फाश्याच्या बाहेरूनच नेत होतो. अन् मोकळं टोक शिवणीच्या दुप्पट तरी लांब ठेवा, नाहीतर अर्ध्यात संपते.

दुसऱ्या दिवशी पट्टा आधी साबणाच्या पाण्यात दोनदा धुतला (२०१७ ला यवतमाळकडं फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले ते पाहिल्यावर औषधाला उघडा हात लावायची हिंमत होत नाही), वाळवला अन् चौकोन करून आत फुली, अशी शिवण घातली. दोन तास लागले. गाठ पदरांच्या मधात गेली की वरून अन् खालून टाका सारखाच दिसते, तसा पहिला टाका बसला तेव्हा म्या बायकोला आवाज देऊन दाखवला, ती म्हणे बरं आहे, भाकरी थंडी होऊन राहिली. सीझनभर त्याच पट्ट्यावर फवारलं, एक टाका हलला नाही. दुकानातून नवीन आणला असता तं त्याच्याकडं वळून पाहिलं नसतं, हा मात्र पंप उचलताना दरवेळी अंगठ्यानं चाचपून पाहतो.

शाळेत आम्हाला कार्यानुभवाचा तास होता, गुरुजी सुतळीची पायपुसणी करायला लावत अन् आम्ही पळून जात होतो. आमच्याच वर्ध्यात १९३७ ला गांधीजींनी नई तालीमची परिषद घेतली, हाताच्या कामातून शिक्षण म्हणून, अन् वर्धा जिल्ह्यातलाच मी चाळिशीत टाका शिकून राहिलो फोनवर व्हिडिओ पाहून. असो.

त्यानंतर पोराच्या दप्तराचे दोन्ही पट्टे, माझी चामड्याची चप्पल, शेजारच्या काकूची बाजाराची थैली, गाडीच्या सीटचं कव्हर. आता लोकं रविवारी वस्तू घेऊनच येतात, चहा आमचाच.

एक स्टार कापला तो दोऱ्यासाठी. मेण लावलेला म्हणून लिहिलं होतं, पण मेण नावालाच, पिळ सुटते अन् फासाच धरत नाही. म्या बाजारातून जाड पॉलिस्टरचा दोरा आणला अन् मेणबत्तीच्या तुकड्यावर दोनदा ओढून घेतला, एकदम झकास चालते. टोकाला काडीचा चटका द्या, वितळून पक्कं होते. सुई धरणारा स्क्रूही ढिला पडते, दर आठ-दहा टाक्यांनी पिळत जा.

ताडपत्रीसाठी घेऊ नका. सोयाबीनवर झाकायची शिवली होती, शिवण घट्ट, पण जितके टाके तितकी भोकं, खालचा ढीग ओला झाला. अन् सुईवर बाजूनं जोर देऊ नका, माझी वाकडी सुई चपलेच्या टाचेत तशीच मोडली. कंपनी सुटी सुई देत नाही, कोणाला दुसरीकडं मिळाली असेल तं खाली सांगा.