मोटरहोम: ८ महिने, ४३ रात्री आणि लेव्हनवर्थच्या दोन फेऱ्या

मार्चमध्ये मोटरहोम, म्हणजे आत पलंग, स्वयंपाकघर आणि संडास असलेली गाडी, घेतली. आता नोव्हेंबर चालू आहे. एवढ्या काळात आम्ही तिच्यात ४३ रात्री झोपलो आणि ५ हजारांच्या आसपास मैल फिरलो. घेण्याआधी मी मराठीत असा कुणाचा अनुभव शोधत होते, मिळाला नाही. इंग्रजीत मिळाले ते बहुतेक निवृत्त जोडप्यांचे. त्यांच्या घरात रोज फोडणी होत नाही, त्यामुळे आमच्या अर्ध्या अडचणी त्यांना येतच नाहीत.

आधी गाडीबद्दल. फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेली २५ फुटी क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो त्या प्रकारची. दहा वर्षं जुनी, ४१ हजार मैल चाललेली, ४६ हजार डॉलरला मिळाली. आम्ही सिॲटलच्या उत्तरेला बॉथेलमध्ये राहतो. खरेदीचं खरं कारण म्हणजे आईबाबा मे महिन्यात वाईहून येणार होते. आईचे गुडघे गेलेत. बाबांना तासाभराने लघवीला थांबावं लागतं. बाहेरचं खाणं दोघांनाही सलग दोन वेळा चालत नाही. मागच्या वेळी हॉटेलं करत फिरलो, तेव्हा डोंगर कमी आणि पेट्रोल पंपांची स्वच्छतागृहं जास्त बघितली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बाबा ३१ वर्षं एस.टी.त ड्रायव्हर होते, त्यातली बरीच वर्षं वाई–महाबळेश्वर. इथे मोटरहोम मी चालवते आणि शेजारच्या सीटवर ते बसतात. पुढचं सगळं हे ध्यानात ठेवून वाचा.

लेव्हनवर्थ या वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरातल्या गावाला आम्ही जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये गेलो. ऑगस्टची फेरी वणव्यांच्या धुरामुळे रद्द केली. ऑगस्ट-सप्टेंबरचं आरक्षण करताना कॅस्केड डोंगररांगेच्या पूर्वेकडे हा धोका धरूनच चाला आणि पैसे परत मिळण्याची अट आधी वाचा. मी ती नंतर वाचली.

घरापासून साधारण ११० मैल. मनरो सोडलं की हायवे २ बहुतेक ठिकाणी दुपदरी होतो, आणि सुलतान, गोल्ड बार करत स्कायकोमिशला पोचेपर्यंत नदी सोबतीला असते. खरी चढण त्यापुढे. सोळाएक मैलांत ३ हजार फूट चढून स्टीव्हन्स पासला ४,०६१ फुटांवर पोचता, म्हणजे जवळजवळ पाचगणीच्या उंचीला. इंजिन ६.८ लिटरचं, दहा सिलिंडरचं आहे, पण पाच माणसं, भरलेली पाण्याची टाकी आणि आईने भरलेली कपाटं घेऊन चढताना ते खालच्या गिअरला येऊन असं ओरडतं की बोलणं थांबवावं लागतं. पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी तुटलं. बाबा शांत होते. म्हणाले, "ओरडू दे. गप्प झालं तर काळजी कर."

उतरताना त्यांनी मला जे शिकवलं ते गाडीच्या जाडजूड पुस्तकातही आहे, पण पुस्तकाला तो आवाज नाही. "ज्या गिअरात चढलीस, त्याच गिअरात उतर. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरणारा ड्रायव्हर खाली पोचेपर्यंत ब्रेक संपवतो." इथे त्यासाठी टो/हॉल नावाचं बटण आहे. ते दाबलं की उतारावर गाडी स्वतःच खालचा गिअर धरून ठेवते. हे बटण फक्त मागे काही ओढायचं असेल तरच वापरायचं, असा माझा दोन महिने समज होता. सपाटीवर बंद, घाटात चालू, एवढं लक्षात ठेवा.

मागे गाड्या साचतात त्याचंही सांगते. वॉशिंग्टन राज्यात दुपदरी रस्त्यावर तुमच्या हळू चालण्यामुळे मागे पाच किंवा जास्त गाड्या अडकल्या, तर सुरक्षित जागा बघून बाजूला थांबून त्यांना जाऊ देणं कायद्याने बंधनकारक आहे. बाबा आरशात बघून मोजत असतात. चार झाल्या की "साइड दे" सुरू.

टमवॉटर कॅनियनच्या वळणांवर एकदा कपाटाची खिटी सुटली आणि हळदीची बरणी खाली आली. फरशीचा तो कोपरा अजून पिवळा आहे. एरवीही गाडी चालते तेव्हा आतून भांडीवाल्याच्या हातगाडीसारखा आवाज येतो. मायक्रोवेव्हची काचेची थाळी टॉवेलात गुंडाळून ठेवली की निम्मा कमी होतो.

आता गाव. वस्ती अडीच हजारांच्या आत, आणि सगळं बव्हेरियन थाटाचं: उतरती छपरं, लाकडी सज्जे, भिंतींवर चित्रं, फुलांच्या कुंड्या. पेट्रोल पंप आणि बर्गरच्या दुकानाची पाटीसुद्धा त्याच जर्मन वळणाच्या अक्षरांत, कारण नगरपालिकेचा तसा नियमच आहे. पहिल्यांदा बघताना मला नाटकाचा सेट वाटला. नवरा म्हणाला, "हे म्हणजे लवासा." पुण्याजवळचं लवासा इटलीतल्या पोर्टोफिनोवर बेतलेलं, आणि आम्ही दोघांनी तिथल्या रिकाम्या खिडक्या बघितलेल्या. पण तुलना टिकत नाही. लवासा कोऱ्या डोंगरावर उभं करायला घेतलं होतं. लेव्हनवर्थ हे आधीचं, बुडालेलं गाव आहे.

गावाचा हा इतिहास मी बाबांना वाचून दाखवला तेव्हा त्यांना तो ताबडतोब कळला. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचं इथे मोठं ठाणं होतं, लाकडाची मोठी गिरणी होती. १९२० च्या दशकात रेल्वेने मार्ग बदलला आणि ठाणं वेनाचीला नेलं, मग गिरणीही बंद पडली. पुढची तीसेक वर्षं दुकानांना कुलपं. "डेपो हलला की बाजार बसतो," बाबा म्हणाले. टेड प्राइस आणि बॉब रॉजर्स या दोघांनी १९६० मध्ये हायवेवर एक कॅफे घेतला होता. कॅलिफोर्नियातलं डॅनिश धर्तीचं सॉल्व्हँग त्यांनी पाहिलेलं होतं, आणि मागचे डोंगर आल्प्ससारखे दिसतात तर गावच तसं करू, हा आग्रह त्यांनी धरला. १९६२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मदतीने गावाने सुधारणेची मोहीम हाती घेतली, त्यातून दुकानदारांनी एकेक इमारत बदलत नेली. जुनं चिकामिन हॉटेल १९६५ मध्ये एडलवाइस झालं. म्हणजे या गावाला जर्मन पूर्वज असे नव्हतेच, फक्त डोंगर होते आणि घेतलेलं कर्ज. हे कळल्यावर मला त्या खोट्या छपरांचा राग येईना.

आईला नटक्रॅकर म्युझियम आवडेल असं मला वाटलं नव्हतं. ती आत गेली आणि तोंडाने अक्रोड फोडणारे हजारो लाकडी शिपाई बघून म्हणाली, "अगं, हे तर अडकित्ते!" पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते तिने कधीतरी शाळेच्या सहलीत पाहिलेले, ते तिला एकेक आठवायला लागले. नऊ वर्षांचा नातू कंटाळून बाहेर गेला तरी ती हलेना.

खाण्यात शाकाहारी माणसाची पंचाईत आहे. सॉसेजचं गाव ते. मोहरीची चटणी लावलेला प्रेट्झेल आणि चीज घातलेले श्पेट्झले (जाड जर्मन शेवया), यावर दोन जेवणं निघतात. तिसऱ्या जेवणाला आईने गाडीत पिठलं केलं.

मोठी गाडी घेऊन गावात शिरू नका. फ्रंट स्ट्रीटच्या आसपास २५ फूट उभे करायला जागा शोधण्यात आमचा एक तास गेला आणि बाबांचा रक्तदाब वाढला. ऑक्टोबरात शहाणे झालो. तीनेक मैलांवरच्या मुक्कामाच्या मैदानात (कॅम्पग्राउंडमध्ये) गाडी लावली आणि गावात टॅक्सीने गेलो. ऑक्टोबरफेस्टचे शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी गेलो, ते उत्तम झालं. ब्लॅकबर्ड बेटावरची सपाट पायवाट आईला काठी घेऊन पूर्ण करता आली. नदीकाठी पिवळी पडलेली झाडं होती. दुसऱ्या दिवशी ११ मैलांवरच्या कॅशमिअरला गेलो, सफरचंदाच्या बागांचं गाव. १९०४ मध्ये काश्मीरवरून हे नाव ठेवलं. बाबांनी पाटीसमोर फोटो काढून वाईच्या ग्रुपवर टाकला, "काश्मीरला पोचलो". अजून काही जणांना ते खरं वाटतंय.

आता ज्यासाठी गाडी घेतली त्याबद्दल. पिण्या-वापराची टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. सांडपाण्याची ग्रे टँक ३० आणि संडासाची ब्लॅक टँक ३०. मैदानात नळ असेल तर पाण्याची चिंता नाही, पण जिथे सोय नाही तिथे पाच माणसांत हे दीडशे लिटर दोन दिवस पुरवायचे. माझ्या मुलाला आणि नवऱ्याला जमलं नाही. आईला पहिल्या दिवसापासून जमलं. ती माण तालुक्यातली, लहानपणी पाणी डोक्यावरून आणलेली. दोन पातेली घेऊन, एकात घासायचं आणि दुसऱ्यात बुचकळायचं, अशी पाच माणसांची भांडी ती सहा लिटरमध्ये करते. मी मोजलं.

संडासाबद्दल कुणीच स्पष्ट लिहीत नाही म्हणून लिहिते. आपल्याला पाणी लागतं. मी हौसेने हातातला फवारा बसवून घेतला आणि ३० गॅलनची टाकी चौथ्याऐवजी दुसऱ्या दिवशी भरली. फवारा काढला, मग ठेवला. आता तीन दिवस जातात. पाणी जास्त गेल्याचा फायदाही आहे: टाकी स्वच्छ रिकामी होते, तळाशी काही धरत नाही. रिकामी करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घाला. हे काम नवऱ्याकडे आहे. पहिल्यांदा बाबा मदतीला उतरले तेव्हा तो इतका लाजला की पाइप नीट अडकवायला विसरला. पुढचं सांगत नाही.

फोडणी. आईने पहिल्या संध्याकाळी आमटीला लाल मिरचीची फोडणी दिली आणि धुराचा भोंगा वाजला. एवढ्याशा डब्यात तो इतका मोठा वाजतो की बाबा चप्पल न घालता बाहेर पडले. छतातला पंखा, खिडकी, दार, सगळं उघडून बघितलं. मोहरीला चालतं, मिरचीला चालत नाही. भोंग्याची बॅटरी मात्र काढू नका, आत गॅस आहे आणि माणसं झोपतात. आम्ही एक छोटी शेगडी घेतली, फोडणी बाहेर आणि बाकी स्वयंपाक आत. मैदानातल्या ३० अँपिअरच्या वीजजोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेचा कुकर एकदम चालत नाहीत, कुठलेही दोनच.

फ्रिज गॅसवर चालणारा आहे आणि गाडी समतल नसेल तर तो थंड होत नाही. जूनमध्ये श्रीखंड आंबलं त्याचं कारण हे होतं. चाकांखाली घालायचे प्लास्टिकचे ठोकळे आणि पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी, हे दोन्ही गाडीसोबतच घ्या.

आणि गळती. क्लास सी घेणाऱ्याने हे दोनदा वाचावं. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा जो पलंग, त्याच्या पुढच्या कोपऱ्यांतून पाणी शिरतं. सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या पावसात मुलाची गादी एका बाजूने ओली झाली. विकणाऱ्याने "कधीच गळली नाही" सांगितलं होतं. आतलं प्लायवूड बोटाने दाबलं तर बसत होतं. ११०० डॉलर गेले, आणि छताच्या सांध्यांवर दरवर्षी सीलंट बघावं लागणार ते वेगळंच.

टायर दिसायला नवे होते. बाबांनी बाजूवरचे आकडे वाचायला लावले. शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. सात वर्षांचे निघाले. सहाच्या सहा बदलले, १३०० डॉलर.

हिशोब: पेट्रोल गॅलनला आठ मैल, म्हणजे ५ हजार मैलांना सुमारे २८०० डॉलर. मुक्कामाच्या जागा २६००, विमा ११००, गाडी ठेवायची जागा १२००, कारण आमच्या सोसायटीत ती दारात उभी करू देत नाहीत. गळती, टायर, बाकी दुरुस्त्या मिळून ३२००. एका रात्रीला अडीचशे डॉलर पडले, गाडीची किंमत न धरता. पैसे वाचवायला कुणी घेत असेल तर घेऊ नये. आम्हाला ऑक्टोबरात गावात हॉटेलच्या दोन खोल्या त्याहून महाग पडल्या असत्या, पण ते एका गावाचं, एका महिन्याचं.

लेव्हनवर्थच्या डिसेंबरातल्या रोषणाईबद्दल सगळे विचारतात. मी ही गाडी नेणार नाही. १० हजार पौंडांवरच्या वाहनाला १ नोव्हेंबर ते १ एप्रिल स्टीव्हन्स पासच्या घाटात साखळ्या जवळ बाळगणं सक्तीचं आहे, आणि बर्फात दुहेरी चाकांना साखळ्या चढवायची माझी हौस नाही. अ‍ॅमट्रॅकची एम्पायर बिल्डर ही रेल्वेगाडी लेव्हनवर्थला थांबते, आम्ही तिने जाऊ.

आईबाबा गेल्या आठवड्यात परत गेले. पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून गाडीच्या नळांत आता गुलाबी अँटीफ्रीझ आहे आणि बॅटरीच्या तारा काढल्यात. शनिवारी बाबांचा फोन आला तो नातवाची चौकशी करण्याआधी टायरखाली फळ्या घातल्या का, हे विचारायला.

जुनी बघायला जाणार असाल तर पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा, वरच्या पलंगावर चढा आणि पुढच्या कोपऱ्यांत नाक लावून वास घ्या.