गवत कापायच्या इंजिनावर विमान: ४३ सीसी ब्रशकटरचा रिव्ह्यू

आधी भाव सांगतो, कारण अमळनेरात लोक पहिले तेच विचारतात. साडेतीन हजार. दांडा वाकलेला, ब्लेड गायब, इंजिन मात्र चालू. रावेर-यावलकडे केळीच्या बागांत आणि बांधांवर असे ब्रशकटर ढिगानं चालतात. खालचा गिअर गेला की मालक नवा आणतो आणि जुना गोठ्यात पडून राहतो. रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानासाठी मुद्दाम बनवलेलं पेट्रोल इंजिन याच्या कितीतरी पट महाग पडतं, म्हणून ब्रशकटरचं इंजिन विमानाला लावायचा हा उद्योग.

विकणारा म्हणाला ५२ सीसी. स्टिकरवरही तेच, ठळक लाल अक्षरात. क्रँककेसवरची माती नखानं खरवडली तर खाली ओतीव अक्षरं निघाली: १ई४०एफ. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, ४० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), हवेनं थंड होणारं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ३४ धरला की हिशोब ४२.७ सीसीवर येतो. खरं ५२ असतं तर तिथे ४४ लिहिलेलं असतं. अक्षरं दाखवल्यावर भाऊनं गपगुमान पाचशे कमी केले.

खोलायला फार हत्यारं लागत नाहीत. पाने, ॲलन की, हॅक्सॉ, कानस, हातड्रिल. क्लच फ्लायव्हीलला, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाला, दोन बोल्टनी धरलेला असतो. ते सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सुताची दोरी आत कोंबायची आणि पिस्टन तिच्यावर टेकवायचा. पिस्टन आणि एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर पडायच्या भोकाच्या) कडेत दोरी चिमटणार नाही एवढं बघा. फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर (टेपरवर) घट्ट बसलेलं असतं. त्यावर हातोडा घालणारे बघितले की माझा जीव खालीवर होतो. क्लचच्या त्याच दोन भोकांत बोल्ट लावून, मधे लोखंडी पट्टी धरून पुलर करा, टक् आवाज येतो आणि सुटतं.

आता कंटाळवाणं काम. विमानात प्रॉपचाच (प्रोपेलरचाच) वारा सिलिंडरवर येतो, त्यामुळे फ्लायव्हीलवरची पंख्याची पाती आणि वरचं प्लॅस्टिकचं कव्हर दोन्ही नकोत. पाती हॅक्सॉनं कापून कानसेनं सपाट करायची, पण समोरासमोरची सारखीच, नाहीतर इंजिन थरथरून फ्रेमचे जोड खिळखिळे करतं. चुंबकाच्या भागाला हात लावू नका, त्याच्यावरच स्पार्क अवलंबून आहे. काम चालू असताना त्यावर चिकटपट्टी मारा, लोखंडाचा कीस तिथेच जाऊन बसतो. परत बसवताना स्पार्क देणारी कॉइल आणि चुंबकात ०.३ मिलिमीटर फट ठेवा. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा मधे घातला की साधारण जमतं.

हब, म्हणजे प्रॉप क्रँकवर धरणारा तुकडा, मात्र हातानं करायच्या भानगडीत पडू नका. ॲल्युमिनियमचा तुकडा घेऊन लेथवाल्याकडे जा. आमच्याकडे लेथवाले मोटारपंपाचे शाफ्ट करून तरबेज झालेले आहेत, आटे त्यांना शिकवावे लागत नाहीत. हे इंजिन समोरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून नेहमीचा प्रॉप चालतो आणि हबही चालता चालता आवळत जातो. फक्त बॅकफायरचा उलटा झटका बसला तर सुटू शकतो. त्यासाठी क्लचच्या भोकांतून दोन बोल्ट हबला घेतले. प्रॉप लावल्यावर टोकाजवळ एक तार धरून हळूच फिरवा. दोन्ही टोकं तारेला सारखीच घासून गेली पाहिजेत. माझ्या हबमध्ये कागदाएवढा फरक होता, लेथवाल्यानं हूं की चूं न करता परत काढून दिला.

कार्ब्युरेटर डायाफ्रामचा (आत लवचीक पडदा असलेला) आहे, म्हणजे विमान उलटं झालं तरी पेट्रोल तुटत नाही. पण बॅरल फिरणारा प्रकार आहे: थ्रॉटल उघडताना वरचा आर्म फिरतो आणि थोडा वरही उचलला जातो. सर्व्होची (रिमोटवर थ्रॉटल हलवणाऱ्या छोट्या मोटरची) दांडी सरळ जोडली तर अडकते, बॉल-लिंक, म्हणजे सगळीकडे वळणारा गोळीचा सांधा, लावावीच लागते. परतीची स्प्रिंगही कडक आहे, कमकुवत सर्व्हो तिथे रडतो. टाकीची नळी पेट्रोलची घ्या. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाची सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते. ऑइल मी लिटरला ४० मिली टाकतो. आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, तेव्हा काम झालं की टाकी आणि कार्ब्युरेटर कोरडा करून ठेवा.

१८ बाय ८ प्रॉपवर (१८ इंच लांबी, ८ इंच पिच) टॅकोमीटर मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या वर गेला. या इंजिनाकडून माझी तेवढीच अपेक्षा होती. सगळं उतरवूनही वजन अडीच किलोच्या वरच आहे. उंच पंखाचं, संथ, सात-आठ किलोचं विमान असेल तर झकास. कसरती करायच्या असतील तर हे इंजिन नकोच.

उडवायला कापूस उपटलेलं काळं रान बरं. ड्रोन नियम २०२१ मध्ये मॉडेलसाठी २५ किलोची मर्यादा आहे आणि विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवायचं असतं. जळगाव विमानतळाच्या आसपास तर नकोच. कॉइलची वायर बॉडीला टेकवून इंजिन बंद करणारा किल स्विच लावल्याशिवाय प्रॉपला हात लावू नका. शेजारच्या शेतातले आबा पहिल्यांदा बघून म्हणाले, "आते फवारनी बी करी का हाई?" नाही म्हटल्यावर त्यांचा रसच गेला.

मोठी तक्रार एकच, मफलर (सायलेन्सर). त्याचं तोंड मागे विमानाच्या अंगाकडे वळलेलं आहे, त्यामुळे प्लायवूड काळं पडतं आणि ऑइलचा थर बसतो. घेताना मफलरचं तोंड बाजूला असलेलं इंजिन दिसलं तर दोनशे रुपये जास्त द्या.