टेपवर वाढलेलं अठरा किलो वजन

पाचगणी, महाबळेश्वर, वाई या पट्ट्यात ज्यांच्या दारात घोडं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाऊस उघडून सीझन तोंडावर आला की 'महिन्यात चाळीस किलो वजन वाढवतो' असं सांगत पावडरची पाकिटं विकणारा एक माणूस फिरतो. त्यानं आमच्याकडून एकोणीस हजार चारशे रुपये नेले. पण पैशापेक्षा जास्त संताप याचा आहे, की त्याच्या पावडरीच्या नादात चांदणीचं खरं दुखणं कितीतरी दिवस झाकलेलं राहिलं.

चांदणी आमची दख्खनी बांध्याची लहान चणीची घोडी. सीझनभर पर्यटकांना फिरवते, घराचा मोठा खर्च तिच्यावर चालतो. पावसाळ्यात वर काम नसतं, म्हणून तिला खाली वाईजवळच्या आमच्या वस्तीवर आणतो. यंदा दसऱ्याच्या सुमारास तिच्या बरगड्या मोजता येत होत्या, पुठ्ठ्याची हाडं वर आली होती. अशा घोडीवर खोगीर चढवलं की पाठीला जखम होते. अण्णा काळजीत होते आणि ही काळजी त्या माणसानं लांबूनच ओळखली.

पांढरा ॲप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, हातात छापील कार्ड. "अण्णा, घोडी जातिवंत हाय, फक्त आतनं पोकळ झालीया. पुण्याच्या रेसकोर्सवरच्या घोड्यांना हाच माल जातो," असं म्हणत त्यानं टेप काढली, छाती मोजली, लांबी मोजली, कार्डावर वजन लिहिलं, २७५ किलो. एक पाकीट अठराशे रुपयांना, अशी तीन दिली. रोज पन्नास ग्रॅम चंदीत, म्हणजे घोड्याच्या दाण्यात, मिसळायची, भरपूर पाणी ठेवायचं, दोन्ही वेळ खरारा करून अंगावरून तेलाचा हात फिरवायचा. आठवड्यानं तो परत आला, पुन्हा टेप लावली आणि कार्डावर २९३ लिहिलं. घोडीचं अंग चमकत होतं, पोट भरलेलं दिसत होतं. तिथेच त्यानं सहा महिन्यांच्या 'कोर्स'चे चौदा हजार यूपीआयवर आगाऊ घेतले. तो माल आला नाही आणि त्याचा फोन आता बंद आहे.

त्याची सगळी करामत त्या टेपेत होती. टेपनं घोड्याचं अंदाजे वजन काढायची पद्धत खरी आहे, ती जगभर वापरतात. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोत वजन. चांदणीचा घेर १५० आणि लांबी १४५ होती, त्यावरून २७५ किलो बरोबर येतं. पण घेराचा वर्ग होतो, त्यामुळे तिथे जरा फरक पडला की उत्तर कुठच्या कुठे जातं. घेर १५५ धरा, लांबी तीच ठेवा, वजन २९३ होतं. पाच सेंटिमीटरमध्ये अठरा किलो! माझ्या बहिणीनं दोन्ही वेळा मोबाइलवर व्हिडिओ घेतला होता. तो थांबवून बघितला तर पहिल्या वेळी टेप पायांच्या मागे घट्ट ओढलेली दिसते, दुसऱ्या वेळी ती वीतभर मागे, पोटाकडे सरकलेली आणि सैल. टेप घोड्यामागून फिरवताना तो अण्णांना बोलण्यात गुंतवत होता, हेही त्यात दिसतं.

चमक आली ती खराऱ्यानं आणि तेलाच्या हातानं. पोट भरलं ते पाण्यानं, कारण पावडर खारट होती आणि घोडी पाण्यावरून तोंड काढत नव्हती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पोटातलं पाणी आणि चारा एवढ्यावरच घोड्याचं वजन बरंच खालीवर होतं, त्याला अंग धरणं म्हणत नाहीत.

आता त्या पन्नास ग्रॅमचा हिशेब बघा. खाण्याच्या पदार्थांत सगळ्यात जास्त ताकद तेला-तुपात असते, एका ग्रॅमला सुमारे ९ किलोकॅलरी. पाकिटात निव्वळ तूप भरलेलं असतं, तरी पन्नास ग्रॅममधून ४५० किलोकॅलरी मिळाल्या असत्या. घोड्याच्या अंगावर एक किलो चढायला रोजच्या गरजेपेक्षा वर साधारण २०,००० किलोकॅलरी लागतात. म्हणजे एका किलोलाच दीड महिना. महिन्यात चाळीस किलो कुठून येणार? हे मी नंतर दुसऱ्या एका विक्रेत्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आमचं औषध भूक वाढवतं." भूक वाढली तरी अंगावर चढतो तो चाराच, मग ते अठराशे रुपये कडब्यात आणि लसूणघासात का घालू नयेत?

लाल पाकिटावर धावत्या घोड्याचं चित्र होतं. उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, तारीख, प्रथिनं किती, तंतू किती, यातलं काहीही नव्हतं. पावडर ग्लासभर पाण्यात टाकली तर तळाला पांढरा गाळ बसला. त्यावर लिंबू पिळलं तर फसफसलं, म्हणजे चुनखडीसारखं काहीतरी त्यात आहे. खनिज मिश्रणात कॅल्शियम असतंच, त्यामुळे फसफसणं हा फसवणुकीचा पुरावा नाही. पण तोंडानं 'चाळीस टक्के प्रोटीन' सांगून चुनखडी, मीठ आणि कोंडा विकायचा, ही लूट आहे.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढची आहे. दुसऱ्या भेटीत त्यानं 'बूस्टर' म्हणून कुटलेल्या गोळ्यांची एक पुडी दिली होती. ती थोडीच पोटात गेली असताना आम्ही वाईतल्या पशुवैद्यांना बोलावलं. त्यांनी ती आधी बंद करायला लावली. तपासल्याशिवाय आत काय आहे ते सांगता येणार नाही, म्हणाले, पण अशा बिननावाच्या पुड्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असू शकतं. त्यानं भूक वाढल्यासारखी वाटते, अंग भरल्यासारखं दिसतं, पण रोगाशी लढायची ताकद जाते आणि खुरांच्या आत सूज येऊन लॅमिनायटिस होण्याचा धोका असतो. लॅमिनायटिस झालेलं घोडं पुढचे पाय लांब टाकून मागे भार देऊन उभं राहतं आणि कित्येकदा कायमचं कामातून जातं.

डॉक्टरांनी पावडरीचा विषय बाजूला ठेवून तबेल्यातली जमीन बघितली. गवताचे अर्धवट चावलेले ओले बोळे पडले होते. तोंड उघडून बघितलं तर दाढांच्या कडा सुरीसारख्या धारदार झालेल्या आणि गालाला आतून जखमा. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर सरकत राहतात, झीज एकसारखी झाली नाही की कडांना धार येते. चारा समोर असूनही ती उपाशी होती. कानस लावून दाढा घासल्या, लीद तपासून जंताचं औषध दिलं. सर्रासाठी रक्तही तपासलं, कारण गोमाश्यांमुळे पसरणाऱ्या या रोगातही घोडं खाऊन-पिऊन खंगत जातं. सुदैवानं तो निघाला नाही. हे सगळं मिळून खर्च एका पाकिटाच्या आसपासच आला.

मग खाणं. रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा, म्हणजे चांदणीला चार ते साडेपाच किलो, दिवसभर थोडा थोडा. घोड्याचं जठर फार लहान असतं, एकदम तोबराभर धान्य दिलं तर ते न पचता पुढे आतड्यात जाऊन आंबतं, त्यातून पोटशूळ उठतो. म्हणून भिजवलेला हरभरा आणि जव तीन वेळा विभागून. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर ठेवायचं नाही, त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, हाडं कमजोर होतात. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, ती जोडीला. सूर्यफुलाचं तेल चंदीत ५० मिलीपासून सुरू करून दोन-अडीच आठवड्यांत २०० मिलीपर्यंत नेलं, त्यातूनच सुमारे १,६०० किलोकॅलरी जास्त मिळतात. कुठलाही बदल हळूहळू, आठ-दहा दिवस घेऊन. आता बरगड्या हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि एवढं व्हायला काही महिने लागले.

सांगली-मिरजेकडचा एक ओळखीचा घोडागाडीवाला स्वस्त प्रोटीन म्हणून कोंबडीखाद्य घालणार होता, त्याला मी हात जोडून थांबवलं. कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र ते थोड्या मात्रेतही निकामी करतं आणि त्यावर उतारा नाही.

कुणी स्वतःला डॉक्टर म्हणवत दारात आला तर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. जवळ डॉक्टर नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ वर फोन लागतो, आणि आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० वर तक्रार नोंदवा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं अवघड. मालाबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. आम्ही दोन्हीकडे केली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज तयार करतोय. अशी लाल पाकिटं तुमच्याकडे उरली असतील तर ती फेकू नका. उघडं पाकीट दोरीनं बांधून कोरड्या जागी ठेवा, त्याचं कार्ड आणि यूपीआयची पावती त्यासोबत ठेवा. तक्रारीला ते लागणार आहे.