दिवाळीची पणती: कागदी ताटली की पत्रावळ?

दिवाळीच्या सुट्टीत चार-पाच वर्षांच्या मुलांकडून दाराला लावायची शोभेची पणती करून घ्यायची असेल, तर सांगलीच्या बाजारात कागदी ताटली आणि पळसाच्या पानांची पत्रावळ असे दोन सोपे पर्याय मिळतात.

कागदी ताटली मधोमध दुमडली की पणतीचा आकार आपोआप तयार होतो, आणि बोथट टोकाच्या कात्रीने लहान मुलेही ती कापू शकतात. मात्र चंदेरी लेपाच्या बाजूवर जलरंग धरत नाही, तो थेंब होऊन ओघळतो. म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर रंगवावे. सांगली ही हळदीची पेठ असल्याने रंगासाठी मी पाण्यात कालवलेली हळदच वापरते. ती वाळल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा तिच्यावरून फिरवला, की क्षारामुळे पिवळा रंग तांबूस होतो, आणि ज्योतीची कड अशी बदलताना पाहून मुलांना होणारा आनंद मला दर वर्षी नवा वाटतो. (हळदीचे डाग सहज निघत नाहीत, तेव्हा जुने कपडे घालावेत.)

पत्रावळ निःसंशय अधिक देखणी दिसते. परंतु वाळलेले पान दुमडताच तडकते आणि ती टाचलेल्या काड्या कोवळ्या बोटांना टोचतात. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यास ती मऊ पडते, पण तेवढा धीर या वयात नसतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मी पत्रावळच देईन, त्याहून लहानांना कागदी ताटली. आणि दोन्हींजवळ पेटती पणती मुळीच ठेवू नये.