दोडामार्गचा पक्षीवाला होमस्टे, पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

पक्षी बघायला हिवाळाच बरा असं सगळे सांगतात, पण तळकोकणात जाणार असाल तर माझं स्पष्ट मत आहे की जूनअखेर नाहीतर जुलैत जा. तिबोटी खंड्या आणि नवरंग पावसाच्या तोंडावर इथे येतात आणि घरटी करतात, थंडीत गेलात तर हे दोघं भेटणं कठीण. आम्ही कॉलेजचा जुना ग्रुप तिलारीच्या जंगलाला लागून असलेल्या एका घरगुती होमस्टेत राहिलो. हे जंगल २०२० मध्ये संवर्धन राखीव जाहीर झालंय, वाघाचा वावर आहे, त्यामुळे होमस्टेवाले काका कुणालाच एकट्याने फिरू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

पाचपैकी पाच स्टार देतेय ते मुख्यतः एका गोष्टीसाठी, इथे मोबाईलवर कॉल, म्हणजे पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, वाजवत नाहीत. कॉल लावला की पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा कोणी घुसला, तो धावत येतो, फोटो झकास मिळतो, पण तेवढा वेळ पिल्लं उपाशी. दुसऱ्या एका ठिकाणी स्पीकर लावून नवरंगला सारखं इकडून तिकडे पळवताना बघितलंय, फार वाईट वाटलं होतं. इथे परड्यामागे (परसामागे) व्हाळाच्या (ओढ्याच्या) दरडीत तिबोटीचं बीळ होतं, काकांनी बिळापासून चांगलं लांब हिरवं कापड बांधून त्यामागे बसवलं आणि आमचा एक मित्र लेन्स घेऊन पुढे सरकायला लागला तर लगेच म्हणाले, "ता पाखरू पिल्लांक खावक घेवन येता, तेच्या वाटेत उभे रवा नकात." मग सगळे गप्प बसलो. थोड्या वेळाने तो आला, मुठीएवढा जीव, पोट पिवळंधमक, पाठीवर निळा-जांभळा रंग, चोचीत सापसुरळीचं पिल्लू आणि त्याचं डोकं पुढच्या बाजूला धरलेलं, म्हणजे बिळातल्या पिल्लाला सरळ गिळता यावं. फांदीवर दोनदा मान हलवली आणि सुळकन बिळात. असं बघायला मिळण्यासाठी मी कितीही वेळ चिखलात बसेन!

नवरंगची दोन सुरांची शीळ पहाटे आणि तिन्हीसांजेला अंगणातूनच ऐकू येते, दिसायला मात्र नशीब लागतं कारण तो पालापाचोळ्यात जमिनीवरच असतो. धनेश उंबरावर आले होते, पंखांचा आवाज आधी येतो मग पक्षी दिसतो.

जेवण एक नंबर. मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत असते त्यामुळे ताज्या सुरमईची अपेक्षा ठेवू नका, पण काकूंची टाकळ्याची भाजी फणसाच्या आठळ्या घालून, सुक्या बांगड्याची किसमूर, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी, आम्ही दोन्ही वेळ पोटभर जेवलो. सकाळी घावणे.

खोल्या साध्या, दोन खोल्यांत मिळून एक बाथरूम, लाइट जाते आणि नेटवर्क जवळपास नाहीच. माणशी दोन हजार, जेवणखाण आणि फिरणं धरून, मला वाजवी वाटलं. सावंतवाडी स्टेशनला उतरून रिक्षा आधीच सांगून ठेवा, पावसात आयत्या वेळी मिळत नाही. जळवांसाठी लांब मोजे न्याच, काका वरून तंबाखूचं पाणी लावून देतात. आईबाबांना नेणार असाल तर व्हाळाकडे उतरायची वाट निसरडी आहे, त्यांना पडवीतच बसू दे, धनेश तिथूनही दिसतात.