पुणे ते फ्रँकफर्ट, आमच्या चकलीला घेऊन: पेट रिलोकेशन सर्व्हिसचा अनुभव

रेटिंग ५ पैकी ३. क्रेट (प्रवासाचा पिंजरा), गाडी, एअरपोर्ट, माणसं यासाठी पूर्ण मार्क आणि कागदपत्रं तपासण्यासाठी शून्य, म्हणून ३. एजन्सी मुंबईची आहे, नाव लिहीत नाहीये कारण आमचं पैशाचं बोलणं अजून चालू आहे, पण जे झालं ते तारखांसकट लिहिते कारण परदेशी शिफ्ट होताना कुत्रा-मांजर सोबत नेणाऱ्या कोणाचेही चार महिने असे जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

चकली म्हणजे आमची देशी कुत्री, १९ किलो, शेपटी गोल वळलेली म्हणून चकली. कोथरूडला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पावसात सापडली होती, तिला सहा वर्षं झाली. जानेवारी २०२४ मध्ये नवऱ्याला जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या डार्मश्टाटला जॉब लागला आणि पहिला प्रश्न घराचा नाही, सामानाचा नाही, चकलीचा. नातेवाइकांनी लगेच सुचवलं की कोणाला तरी देऊन टाका, तिकडे दुसरी घ्या. तो विषय आमच्याकडे उघडलाच नाही.

स्वतः सगळं करता येतं हे माहीत होतं पण दोघंही नोकरी, पॅकिंग, व्हिसा यात अडकलेलो, म्हणून एजन्सी घेतली. १ लाख ८५ हजार अधिक जीएसटी, त्यात क्रेट, रक्ताच्या टेस्टचं कुरियर, क्वारंटाइन ऑफिसचं सर्टिफिकेट, पुण्याहून एअरपोर्टपर्यंत गाडी आणि एअरलाइनचं बुकिंग. महाग वाटलं पण म्हटलं निदान चूक होणार नाही.

आता नेमकं काय झालं ते. युरोपियन युनियनसाठी भारत रेबीजच्या बाबतीत त्यांच्या यादीत नसलेला देश आहे, त्यामुळे क्रम असा की आधी १५ आकडी आयएसओ मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून त्यांनी मान्य केलेल्या लॅबमध्ये टायटर टेस्ट (रक्तात रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडी किती ते बघणारी), त्यात ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त यायला हवं, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबायचं, मगच प्रवास. चिप आधी का, तर चिपशिवाय दिलेली लस त्याच कुत्र्याला दिली याचा पुरावा नसतो, म्हणून ती लस ते धरतच नाहीत.

चकलीची रेबीजची लस झाली होती १६ डिसेंबर २०२३ ला, दरवर्षीप्रमाणे. चिप बसवली ३ फेब्रुवारीला, एजन्सीनेच सांगितलेल्या डॉक्टरकडे. मी त्यांच्या कोऑर्डिनेटरला लसीच्या कार्डाचा फोटो पाठवला आणि स्पष्ट विचारलं की परत लस द्यायची का, तर म्हणाली "नाही मॅडम, व्हॅलिड आहे, डिसेंबरपर्यंत चालेल." तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. ९ मार्चला रक्त काढलं, रिपोर्ट छान आला, १३ जूनची तिघांची तिकिटं काढली.

२७ मे ला, म्हणजे फ्लाइटच्या सतरा दिवस आधी, युरोपच्या हेल्थ सर्टिफिकेटचा फॉर्म भरायला घेतला तेव्हा त्यांच्याच दुसऱ्या माणसाच्या लक्षात आलं की लस आधी आणि चिप नंतर. म्हणजे लस धरली जाणार नाही, म्हणून टायटर धरली जाणार नाही, म्हणून तीन महिन्यांची वाट पण धरली जाणार नाही. फोनवर मला एवढंच सांगितलं की "मॅडम थोडं प्रोसेस परत करावं लागेल." थोडं म्हणजे २८ मे ला नवीन लस, २९ जूनला परत रक्त, आणि सप्टेंबरच्या शेवटापर्यंत थांबा!

तोवर माझा राजीनामा देऊन झालेला, नोटिस पिरियडचे चार दिवस उरलेले, फ्रिज आणि कपाटं विकलेली, भाड्याच्या घरातून जूनमध्ये निघायचं ठरलेलं. नवऱ्याला जॉइन होणं भागच होतं. चकलीला आईकडे ठेवून मी पण जायचं आणि नंतर एजन्सीने तिला एकटी पाठवायची असा पर्याय त्यांनी दिला, पण घरच्या प्राण्याच्या नियमात मालकाचा आणि प्राण्याचा प्रवास एकमेकांपासून ५ दिवसांच्या आत व्हावा लागतो, नाहीतर ते कमर्शियल धरतात आणि कागद वेगळे लागतात. हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी मला नाही. शेवटी नवरा १३ जूनला एकटा गेला आणि मी चकलीला घेऊन आईकडे सदाशिव पेठेत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आई पंचाहत्तरीची, आयुष्यात कुत्रं पाळलं नाही, पण सकाळची पहिली पोळी चकलीला जायला लागली. नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला की चकली फोनच्या मागे जाऊन त्याला शोधायची. ते बघवायचं नाही.

क्रेटबद्दल मात्र चांगलंच लिहिणार. आयाटाच्या (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात मापं ठरलेली आहेत, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं अर्धं मिळवायचं, रुंदी खांद्यांच्या दुप्पट, उंची उभं राहिल्यावर कानाच्या टोकापर्यंत. चकलीचं ७४ अधिक १५ म्हणजे ८९ सेंटिमीटर. पहिला आलेला क्रेट ८१ चा होता, मी टेप लावलेला फोटो पाठवला आणि त्यांनी वाद न घालता दोन दिवसांत मोठा पाठवला, स्क्रू पण प्लास्टिकच्या क्लिपऐवजी मेटलचे. माप कमी असेल तर चेक-इनला परत पाठवतात, त्यामुळे स्वतः मोजाच.

सवय लावायला आम्हाला वेळच वेळ मिळाला. पहिले आठ दिवस दार काढून ठेवलं, जेवण क्रेटच्या तोंडाशी, मग आत, मग आईची जुनी सुती साडी अंथरली आणि एक दिवस दुपारी बघितलं तर ही आपणहून आत जाऊन झोपलेली, फक्त नाक बाहेर. झोपेचं औषध देऊ का असं बरेच जण विचारतात, देऊ नका, वर गेल्यावर श्वास आणि ब्लडप्रेशरला त्रास होऊ शकतो आणि गुंगीत दिसलेला प्राणी एअरलाइन घेतही नाही. शेजारच्यांचा पग आहे, त्यांना तर चपट्या नाकामुळे दोन एअरलाइन्सनी सरळ नाही म्हटलं.

३० सप्टेंबरला मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाइन ऑफिसात चकलीला दाखवून सर्टिफिकेट घेतलं. हे युरोपात पोचण्याच्या आधीच्या १० दिवसांतलंच लागतं, आधी करून ठेवता येत नाही. हे काम एजन्सीच्या माणसाने सकाळपासून रांगेत थांबून करून दिलं, आम्हाला फक्त शेवटी आत नेलं.

फ्लाइट ३ ऑक्टोबरच्या पहाटेची. २ तारखेला दुपारी पुण्याहून निघालो, गांधी जयंतीची सुट्टी, घाटात गर्दी. एजन्सीचे ड्रायव्हर दादा म्हणजे या सगळ्या अनुभवातला सगळ्यात चांगला भाग. एसी मागपर्यंत येतोय का ते स्वतः मागे बसून बघितलं, खालापूरला थांबून तिला फिरवलं, आणि पाण्याची वाटी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं, म्हणजे पाणी सांडत नाही आणि बर्फ हळूहळू वितळून प्यायला मिळतं.

एअरपोर्टला क्रेट एक्स-रेमधून जातो तेव्हा कुत्र्याला बाहेर काढून धरावं लागतं. रात्रीचे अकरा, चाकांचे आवाज, ट्रॉल्या, आणि ती माझ्या पायाला चिकटून थरथरत होती. मी खाली फरशीवर बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. क्रेट परत आला तेव्हा साडीचा वास घेतला आणि मी न सांगता आत गेली. दादांनी दाराला चारी कोपऱ्यांत झिप टाय लावले, चिपचा नंबर आणि नवऱ्याचा जर्मनीचा फोन क्रेटवर डकवला. "ताई, तुम्ही निघा, ती आत गेल्याशिवाय मी हलत नाही." आणि खरंच, बोर्डिंगच्या आधी क्रेट विमानात चढतानाचा फोटो आला.

जवळजवळ नऊ तास मी झोपले नाही. फ्रँकफर्टला कस्टम्सच्या लाल चॅनेलमधून गेलो, मानेवर स्कॅनर फिरवला, बीप वाजलं, पंधराही आकडे कागदाशी ताडून बघितले, मग लसीची तारीख, मग रक्ताची तारीख, बोट ठेवून एकेक. त्या क्षणी कळलं की १३ जूनला जुन्या कागदांवर आलो असतो तर इथेच अडलो असतो, परत पाठवतात किंवा मालकाच्या खर्चाने क्वारंटाइनमध्ये ठेवतात. त्यामुळे चूक पकडणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाचे मी खरंच आभार मानते. दार उघडलं तर साडी कोरडी, वाटीत थोडं पाणी शिल्लक. बाहेर नवरा उभा होता, चकलीने त्याला बघितल्यावर जो आवाज काढला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. आईने तिकडे पुण्यात घट बसवले होते, तिला फोन केला तर आधी विचारलं, "चकली जेवली का?"

तुम्ही कोणतीही एजन्सी घ्या, पैसे भरायच्या आधी त्यांच्याकडून चिप, लस, रक्त, प्रवास या चार तारखा एका मेलवर लेखी मागा. अमेरिकेनेही १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम बदललेत, तिथेही चिप लसीच्या आधीच हवी. ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर भारतातून थेट कुत्रा नेताच येत नाही, आधी त्यांच्या यादीतल्या देशात न्यावा लागतो, तेव्हा जास्तच आधी सुरुवात करा. आणि टायटर एकदा नीट झाली की रेबीजचे बूस्टर एक दिवसही न चुकवता दिले तर युरोपसाठी ती परत करावी लागत नाही, म्हणून ते कार्ड जपा.

पैशाचं म्हणाल तर दुसऱ्या टायटर टेस्टचा खर्च त्यांनी उचलला. बदललेल्या तिकिटांचे ४१ हजार मी मागितलेत, कोऑर्डिनेटरच्या त्या मेसेजच्या स्क्रीनशॉटसकट मेल केलीय, "मॅनेजमेंटशी बोलतो" एवढंच उत्तर आहे. पैसे आले तर एक स्टार वाढवीन आणि इथेच लिहीन.