ओंडके घ्यावेत की फोडलेलं सरपण? डोणज्यातल्या आमच्या चुलीचा हिशेब

सिंहगडाच्या पायथ्याला, डोणज्यात, आमचं चुलीवरच्या जेवणाचं छोटं हॉटेल आहे. पिठलं, भाकरी, भरलं वांगं, मडक्यातलं दही. चहा आणि भात गॅसवर, बाकी सगळं चुलीवर. आडदिवशी पंचवीस किलो सरपण लागतं, शनिवारी-रविवारी रोजचं सत्तर. इतकी वर्षं फोडलेलं लाकूडच घेत होतो. गेल्या फेब्रुवारीत पहिल्यांदा पुण्यातल्या टिंबर मार्केटजवळच्या एका वखारीतून अख्खे ओंडके आणले, आयशर भरून. आजूबाजूचे हॉटेलवाले तेव्हापासून विचारतात, परवडलं का? तर हे घ्या सगळे आकडे.

माल सुबाभळीचा. सात-आठ फुटी, मांडीएवढे जाड. वजनकाट्यावर रिकामी गाडी आणि भरलेली गाडी, दोन्ही पावत्या घेतल्या. निव्वळ वजन ३,९४० किलो. साडेपाच रुपये किलोनं २१,६७० रुपये झाले. गाडीभाडं ३,५००, उतरवायची हमाली ८००. मशीनच्या करवतीनं हात-हात लांबीचे तुकडे करायला दोन दिवस लागले, पेट्रोल धरून ३,६००. मग दोन माणसं चार दिवस फोडायला, सातशे रुपये रोजानं ५,६००. एकूण ३५,१७०.

आता ३५,१७० भागिले ३,९४० केलं तर नऊ रुपयांच्या खाली किलो पडतं आणि माणूस खूश होतो. मीही झाले होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ओल्या लाकडाचं वजन खरं मानू नकोस, पाणी आहे ते." म्हणून मी बारा ढलप्यांवर खडूनं खुणा केल्या आणि भाजीच्या काट्यावर तोलल्या. फेब्रुवारीत ३१ किलो, मेच्या शेवटी २२ किलो ३०० ग्रॅम. शंभरातले अठ्ठावीस उडून गेले. त्यातून भुसा, साल आणि बुंध्यातला कुजका भाग वगळला, तर चुलीत घालण्यासारखं लाकूड उरलं २,७०० किलोच्या आसपास. म्हणजे किलोला तेरा रुपये. फोडलेलं लाकूड तर मला घरपोच बारानं मिळत होतं!

इथं मी जवळजवळ हिशेबाची वही मिटली होती. पण मग त्याच वखारीतली "एकदम वाळकी" म्हणून दिलेली वीस किलोची मोळी पत्र्यावर उन्हात ठेवली. तीन आठवड्यांनी ती सतरा किलो भरली. म्हणजे बारा रुपयांचं लाकूडही खरं चौदाला पडत होतं, आणि तेही उन्हाळ्यात. किलोमागं जेमतेम एक रुपया सुटला, सगळ्या मालावर तीनेक हजार. फोडायचं काम घरच्यांनी केलं असतं तर आणखी दोन रुपये सुटले असते. पण ह्यांची पाठ दुखते आणि कुऱ्हाड पोरांच्या हातात द्यायला मी तयार नाही.

मग तीन हजारांसाठी एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर मला जुलैत मिळालं.

भाकरी तव्यावर पाणी लावून उलटली, दुसरी बाजू शेकली की शेवटी ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवून उभी करायची. तिथं ती टम्म फुगते. ओल्या लाकडाला निखारा धरत नाही. जाळ नुसता वर भडकतो नाहीतर धुमसतो, लाकडाच्या टोकांतून फेस येतो, भाकरीला धुराचा कडवट वास लागतो आणि ती पापडासारखी चपटी राहते. पावसाळ्यात गडावरून भिजून आलेली माणसं चुलीवरची भाकरी खायला म्हणून येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमची चूल सगळ्यात वाईट पेटायची. भाकऱ्या थापणाऱ्या दोघी बायका संध्याकाळी लाल डोळ्यांनी घरी जायच्या. मला त्याचं फार वाईट वाटायचं. यंदा मात्र उन्हाळाभर वाळवलेलं हे सरपण होतं, जूनपासून अर्ध्या श्रावणापर्यंत एकदाही फुंकणी शोधावी लागली नाही. वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या दुसऱ्या तोंडावर, पिठलं रटरटत राहिलं, पुढं भाकऱ्या फुगत राहिल्या. एका रविवारी दोघींपैकी थोरली म्हणाली, "वहिनी, आज डोळ्यांतून पाणी नाही आलं." माझे पैसे तिथं वसूल झाले.

पण हे सुबाभळीचं आणि फेब्रुवारीचं झालं. मेमध्ये मी हावरटपणा केला आणि त्याच वखारीतून दुसरी गाडी मागवली. बाभूळ, सहा रुपये किलो. बाभळीचा निखारा सुबाभळीपेक्षा सरस, म्हणून माझा जीव तिच्यात. आल्या त्या गाठीच गाठी. वळवाचा पाऊस आदल्या दोन दिवशी पडलेला, सालीत चिखल भरलेला, आणि तोही वजनात मोजलेला. दोन ओंडके आतून पोकळ. पाचर मारली तर पाचरच अडकून बसायची. एका बुंध्यात खिळा निघाला आणि करवतीची साखळी तुटली. रस्त्याकडेच्या झाडांना जाहिरातींच्या पाट्या ठोकतात, त्यातला असणार. पुण्यात तरुण पोरांनी झाडांचे खिळे काढायची मोहीम चालवली होती, तिचं मोल मला त्या दिवशी नव्यानं कळलं. मी तक्रार केली, तर "माल उतरला की बदलत नाही" एवढंच उत्तर मिळालं. ती बाभूळ अजून परसात आहे. फोडलेली तेवढी वाळतेय, अख्ख्या ओंडक्यांना खालून वाळवी लागलीय.

त्याच गाडीत उंबराचा एक ओंडका निघाला. सासूबाईंनी तो बाजूला काढून ठेवला, आमच्या घरी औदुंबर चुलीत घालत नाहीत. तसाही चिकाचं लाकूड, जळतं कमी आणि धुरतं जास्त.

घेणार असाल तर जागा आधी बघा. चार टनांना आम्हाला अख्खी पडवी आणि निम्मं अंगण लागलं. खाली विटा, वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या; प्लास्टिकनं गुंडाळलं की आत बुरशी धरते. आल्या आल्या फोडून घ्या, ओलं असताना पाचर सहज जाते आणि सालीसकट अख्खा ओंडका एका उन्हाळ्यात आतपर्यंत वाळत नाही. वाळलंय का ते बघायला दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. टणटणीत आवाज हवा, बद्द नको. आणि माल कुठून तोडला ते विचारा. पुण्यात झाड पाडायला १९७५च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही.

ज्यांना फक्त बंबापुरतं किंवा हुरड्याच्या एका पार्टीपुरतं लाकूड हवंय, त्यांनी फोडलेलं घ्यावं आणि आठवडाभर उन्हात टाकावं. आमच्यासारखी रोजची चूल असेल तर ओंडके, पण सरळ वाढलेले आणि फार तर फेब्रुवारीपर्यंत. येत्या जानेवारीसाठी मी पाच टन सुबाभूळ सांगून ठेवली आहे, दुसऱ्या वखारीत. गाडी भरताना मी स्वतः काट्यावर उभी राहणार आहे.